दादाची गिटार मी कशी बिघडवली

दादाची गिटार असं सगळं घर म्हणायचं, म्हणून मीही तेच लिहिलंय. ती माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट कुणी सांगायला बसलं की सुरुवातच चुकीची करतं आणि मग पुढे मी एक नंबरची कजाग ठरते. कजाग आहेच मी. पण सुरुवात तरी खरी होऊ दे.

नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. पुढून सोल्डरिंगच्या राळेचा धूर यायचा आणि मागून आईच्या फोडणीचा, आणि मधल्या दारात दोन्ही एकत्र व्हायचे. माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो वास होता. सकाळी सात वाजता अण्णा दुरुस्त झालेले सगळे सेट एकदम चालू करून ठेवायचे, एकावर बातम्या, दुसऱ्यावर भक्तिगीतं, तिसऱ्यावर नुसती खरखर, आणि त्या गोंगाटात आई भाकऱ्या थापत असायची. आई सटाण्याकडची. घरात ती आमच्यासारखं बोलायची, पण राग आला किंवा माया आली की अहिराणीवर जायची. "खाई ले आधी" असं तिनं म्हटलं की वाद संपला. ताटात उडदाचं घुटं, बाजरीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. आता माझ्या जावयाला ठेचा मिक्सरमधला चालतो. मी काही बोलत नाही, पण खातही नाही.

अण्णांचा दुकानाचा एक नियम होता आणि तो देवघरातल्या नियमांपेक्षा कडक होता. दुकानात आलेली वस्तू आली त्यापेक्षा वाईट होऊन परत जाता कामा नये. दुरुस्त झाली नाही तर तसं सांगायचं, हात जोडायचे आणि जशी होती तशी बांधून द्यायची. सेट उघडण्याआधी कुठली तार कुठे जाते हे ते कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागं पेन्सिलीनं काढून ठेवत, आणि तेच त्यांनी मला शिकवलं. मला म्हणजे मलाच. दादाला सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न हातात धरायचा कंटाळा होता. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दिसायला देखणा, केस मागं वळवलेले, आवाज गोड, आणि कॉलेजात निम्म्या विषयांत नापास. मी सतरा वर्षांची, जाड भिंगाचा चष्मा, दोन वेण्या. तार आधी आकड्यासारखी वाकवून अडकवायची, ओढून बघायची आणि मगच सोल्डर द्यायचं, म्हणजे सोल्डर सुटलं तरी तार सुटत नाही, ही माझी पद्धत. अण्णा इतका वेळ घालवत नसत. "शकूचा जोड घणानं तुटायचा नाही," असं ते एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते. ते वाक्य मी कित्येक महिने मनात घोळवत होते.

गिटार आली इगतपुरीहून. फर्नांडिस म्हणून एक रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर अण्णांकडे रेडिओ आणायचे. एके दिवशी रेडिओबरोबर ही पेटी आणली. आतली गिटार जुनी, लाल रंगाची, कडेचा रंग उडून लाकूड दिसायला लागलेलं, आणि आवाज बंद. अण्णांनी ती माझ्याकडे सरकवली. उघडून पाहिलं तर रेडिओच्या मानानं आत काहीच नव्हतं. तारांच्या खाली दोन पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली दोन वेटोळी. वरची तार थरथरली की या वेटोळ्यात वीज थरथरते आणि ती स्पीकरपर्यंत जाते. एक पिकअप मानेकडे, त्याचा आवाज जाड, भरलेला. दुसरा खाली, त्याचा धारदार. एका बटणानं हा, तो, किंवा दोन्ही निवडता यायचे. आत इगतपुरीच्या पावसाची ओल जाऊन सगळे जोड हिरवे पडले होते. मी ते सगळे नव्यानं केले, दुकानातल्या मोठ्या रेडिओला मागं ग्रामोफोन लावायचं भोक असतं त्यात वायर खुपसली, आणि तार छेडली. फर्नांडिसकाका स्टुलावर बसले होते ते उभेच राहिले. आठवड्यानं गिटार न्यायला आले तेव्हा म्हणाले, "बेटी, ये तेरे पास रहने दे. मैं लडकी के पास जा रहा हूँ, वहाँ कौन बजाएगा? मेरा उंगली अब चलता नहीं." मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "तुला देतायत. घे."

तेव्हा घे म्हणाले होते, हं.

वर्षभर ती माझ्या खाटेखाली होती. दुपारी अण्णा जेवून आडवे झाले की मी रेडिओला जोडून वाजवायची, हळू, ऐकून ऐकून. बोटांना घट्टे पडले, आईनं त्यावर तूप चोळलं आणि "काय शे हे येड" असं पुटपुटत का होईना दार लोटून घेतलं, म्हणजे अण्णांची झोप मोडू नये. मग दादाच्या मित्रांनी ऑर्केस्ट्रा काढला. ढोलक होता, अकॉर्डियन होतं, गाणारी मुलगी होती, गिटार नव्हती. दादानं खाटेखाली हात घातला. मी पेटी धरून ठेवली, तर अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "दे त्याला. तू काय स्टेजवर जाणारेस का?" मी जाणार होते की नाही हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. त्यांना मात्र माहीत होतं. मी पेटी सोडली. एवढ्यावर मी उट्टं काढलं असतं असं नाही, खरंच नाही. बाकीच्या मुलींचं काय काय जायचं, माझी गिटार गेली. दादाला मी सात-आठ सुरावटी शिकवल्याही. शिकला पटकन, मेला हुशार होता.

पण मग कॉलनीच्या सत्यनारायणाचा कार्यक्रम झाला. संध्याकाळची वेळ, मैदानात सतरंज्या, मी आणि आई बायकांच्या घोळक्यात पुढून तिसऱ्या रांगेत. दोन गाण्यांनंतर दादानं माइक घेतला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही गिटार बंद पडलेली होती मंडळी. फेकून देणार होते. मी स्वतः आतलं सगळं वायरिंग करून ती पुन्हा उभी केली." टाळ्या. शेजारच्या वहिनी वळून आईला म्हणाल्या, "भारीच हो तुमचा सुधाकर!" आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. अण्णा पलीकडे पुरुषांत बसले होते, ते मान हलवत होते. त्यांना माहीत होतं की. त्यांनी स्वतः मला आयर्न तापवून दिलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रात्री मी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं शांत झालं, आणि शांत डोक्यानं मी ठरवलं की याची फजिती करायची. चारचौघांत, माइकसमोर, बायकांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी.

आज मी अडुसष्ट वर्षांची आहे. भजनाला जाते, साखर सांभाळते, नातवंडांना क्षमा करायला शिकवते. तरी ते वाक्य आठवलं की अजून दात ओठ खाते. दादा हे वाचणार आहे. वाचू दे.

संधी त्यानंच आणून दिली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात गिटारचं बटण खरखरायला लागलं. "शके, जरा बघ गं, मी आंघोळीला जातो," म्हणाला आणि गेला. टॉवेल खांद्यावर, शीळ वाजवत. मी मागचं झाकण उघडलं. बटण साफ केलं, ते दोन मिनिटांचं काम. मग मानेकडच्या पिकअपच्या दोन तारांकडे बघत बसले. एक बटणाकडे जाते, दुसरी खाली अर्थला, म्हणजे अर्थिंगच्या जोडाला. या दोघींची अदलाबदल केली तर तो पिकअप एकटा वाजवताना काही कळत नाही. पण दोन्ही पिकअप एकत्र लावले की दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, एकाचा जाड आवाज दुसऱ्याचा जाड आवाज खाऊन टाकतो आणि हाताशी उरतो तो नुसता चोथा. दादा कायम दोन्ही लावून वाजवायचा, कारण मीच त्याला तसं शिकवलं होतं. मी दोन्ही तारा सोडवल्या, फिरवल्या, आकडे करून अडकवल्या, ओढून पाहिल्या, सोल्डर दिलं. सवयच ती. वाईट काम करतानाही जोड पक्का. रेडिओला लावून पाहिलं. जाडी सगळी गेलेली, किरकिरा, नाकातला, डबड्यात डास शिरल्यासारखा आवाज. माझा जीव इतका निवला की काय सांगू. दादा डोकं पुसत आला, मी बटण एका बाजूला सारून त्याला वाजवून दाखवलं. चांगला वाजला. "झालं?" "झालं." त्यानं आरशात भांग पाडला. मांडवात जाईपर्यंत तो ती कशाला जोडणार नव्हता, त्यांची तालीम नुसत्या तारांवरच चालायची.

कॅलेंडरच्या पानावर मी त्या दिवशी काही काढलं नाही. अण्णांच्या दुकानात बसून मी एक चांगली वस्तू मुद्दाम बिघडवली होती, आणि त्या सबंध आठवड्यात मला एकदाही अपराधी वाटलं नाही. उलट घुटं दोनदा मागून घेतलं.

मंडळाच्या मांडवात सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. मी मुद्दाम पुढे बसले, पहिल्या रांगेत, त्याचा चेहरा दिसला पाहिजे म्हणून. एक गोष्ट मात्र मी विसरले होते, आणि रेडिओच्या दुकानात वाढलेली मुलगी ती विसरते याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मी तपासलं होतं लाकडी पेटीच्या रेडिओवर. मांडवात होते भोंगे. बांबूला बांधलेले ॲल्युमिनियमचे चार मोठे भोंगे. भोंग्याला जाड आवाज पेलतच नाही, त्यातून सगळं घरघरत, एकमेकांत कालवून बाहेर येतं. ढोलक कुठला, अकॉर्डियन कुठलं, कळायची सोय नाही. त्यात रोषणाईच्या पन्नासेक ट्यूबलाइट, त्यांची घुंईं गिटारमध्ये शिरायची, प्रत्येक कार्यक्रमात शिरायची. दादानं पहिली सुरावट वाजवली आणि घुंईं नव्हती. गायबच. आणि त्या सगळ्या कालव्यातून एकटी गिटार बाहेर आली, सुईसारखी बारीक आणि स्वच्छ, नाकात बोलणारी, सनईच्या जवळपासची. लोकांनी माना वर केल्या. मागं पोरं उभी राहिली. दादाही क्षणभर बावरला, माझ्यासमोर बावरला, मी पाहिलं. मग त्याला उमगलं की हे आवडतंय, आणि तो सुटला.

वन्स मोअर, पुन्हा वन्स मोअर. मी पहिल्या रांगेत बसून बोटं मोडत होते. शेवटी गडी माइकवर आलाच. "वायरिंगमध्ये मी थोडा बदल केलाय मंडळी. सिक्रेट आहे." आणि डोळा मारला. गणपतीसमोर!

पुढचे आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आई विचारायची, "काय व्हयनं?" काय सांगणार तिला? रोज दुपारी कागदावर ती दोन वेटोळी काढायची आणि विचार करायची, आणि मग कळलं. ट्यूबलाइटची घुंईं दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते. एक उलटं केल्यावर दोन्हीकडची घुंईं एकमेकींना मारून टाकते. जाडी जाते तशी घुंईंही जाते. आता नातू मोबाइलवर दाखवतो, जगभर लोक मुद्दाम तारा उलट्या करून घेतात म्हणे. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, मी ते डूख धरून शोधून काढलं. आणि श्रेय सुधाकररावांचं.

विसर्जनानंतरच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, प्रकाश नावाचा मुलगा दुकानात आला. नाशकातल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याची गिटार नवी कोरी, त्याच्याबरोबर त्यांचा अकॉर्डियनवाला. अण्णा बाकावर, आईनं सगळ्यांना पोहे दिलेले, मी कोपऱ्यात एक ट्रान्झिस्टर उघडून बसलेली. "सुधाकरभाऊ," प्रकाश म्हणाला, "मांडवात ऐकलं तुम्हाला. ते वायरिंग माझ्या गिटारला करून द्या ना. तुमच्यापुढं बसतो, शिकतो."

दादानं चमच्यातले पोहे परत बशीत सोडले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अं... शकू, जरा झाकण उघडून ठेव हिचं. मी सांगतो तुला काय करायचं ते."

मी उठले, आयर्न तापलेलं होतं ते उचललं, आणि त्याच्या हातात दिलं. "माझे हात चिकट आहेत दादा. तूच कर. सिक्रेट आहे ना."

त्यानं झाकण उघडलं. आत बघून त्यानं मान डोलावली, जशी काही ओळखीची माणसं भेटली. मग आयर्न भलत्याच ठिकाणी टेकवलं, सोल्डर वितळायची वाट न बघता एक तार धरून ओढली. ती निघाली. पण वेटोळ्याशी जिथं ती केसासारख्या तारेला जोडलेली असते तिथून निघाली. बारीक टिक असा आवाज झाला. दादाला आणि त्या दोघांना तो कळला नाही. मला आणि अण्णांना कळला. अण्णांनी बशी खाली ठेवली.

"काय झालं?" प्रकाश म्हणाला.

"पिकअप तुटला," अण्णा म्हणाले. मग दादाकडे वळून, "तुझी गिटार आण."

दादानं आणली. अण्णांनी चष्मा लावला, मागचं झाकण काढलं, आणि आत बराच वेळ पाहत राहिले. मी खाली बघत होते. माझे आकडे होते तिथं. दोन लहान आकडे, अर्थवरचा आणि बटणावरचा. माझं नाव लिहिल्यासारखेच ते.

"सुधाकर, हे तू केलंस?"

"हो म्हणजे... मीच."

"हा हात शकूचा आहे," अण्णा प्रकाशला म्हणाले. स्वच्छ, मोठ्यानं. "ही गिटार पहिल्यापासून शकूनं केलीय. याला तार आणि दोरी यातला फरक कळत नाही."

हे ऐकायला मी दोन महिने तडफडत होते. आणि ते ऐकून डोळ्यांत पाणी येतंय न येतंय तोच अण्णांचा आवाज बदलला. "पण ही तार उलटी आहे. तू चुकून उलटी जोडणारी नाहीस. कशासाठी केलीस?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. घुंईं घालवायला. आठ दिवसांत मी ते कागदावर सिद्धही केलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर अण्णांनी माझी पाठ थोपटली असती आणि नाशिक रोडभर माझं नाव झालं असतं. दादा कोपऱ्यात उभा होता, चेहरा पडलेला, पण पूर्ण नाही. अजून त्याच्याजवळ मांडवातले ते वन्स मोअर होते, आणि ते त्याच्या बोटांचे होते असं तो धरून होता. मला ते दिसलं आणि मला ते त्याच्याकडे राहू द्यायचं नव्हतं.

"तुझा आवाज घालवायला केली," मी त्याला म्हणाले. अण्णांना नाही, त्याला. "लोकांनी तुला हसावं म्हणून केली. टाळ्या पडल्या त्या माझ्या वाईटपणाला पडल्या दादा. तुला एकसुद्धा नाही."

आई दारात आली होती. "बस झायं आते, शके," ती म्हणाली. दादाचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला राग आला नव्हता. त्याला खरंच लागलं होतं, आत कुठंतरी, आणि तो एखाद्या लहान मुलासारखा नुसता उभा होता. लागू दे, मला वाटलं. बरं वाटलं. हे लिहिताना खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात प्रकाश घसा खाकरून म्हणाला, "ताई, मग माझीपण अशीच बिघडवून द्या."

अकॉर्डियनवाला हसला. अण्णा हसले नाहीत. "इथं बिघडवायची कामं होत नाहीत," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, "यांची तुटलेली तार तेवढी जोडून दे. वरचं टोक तुटलंय, नशीब. आतलं असतं तर पिकअपच गेला असता. जोडलंस की आयर्न खाली ठेवायचं. दिवाळीपर्यंत या टेबलाशी बसायचं नाही."

दिवाळीपर्यंत! ठेचा न देता भाकरी वाढावी तशी शिक्षा. पण अण्णांनी ती योग्य दिली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी खुर्ची ओढली. वेटोळ्यावरचं टोक केसाहून बारीक, ते दिसायला तिरका उजेड लागतो. अण्णांनी फळीवरची बॅटरी घेतली आणि दादापुढे धरली.

"धर तिला उजेड."

दादा माझ्या शेजारी आला, वाकला, आणि बॅटरी धरली. प्रकाश आणि तो अकॉर्डियनवाला समोर बसून बघत होते. मी टोक शोधलं, सुईनं अलगद उचललं, वेटोळ्यावरचा एक फेरा सोडवला, ब्लेडनं त्याचं वार्निश खरवडलं. दादाचा हात भरून आला, उजेड थरथरायला लागला. "हलवू नकोस," मी म्हणाले. त्यानं दुसऱ्या हाताचा आधार घेतला. मी आकडा केला, पसंत पडला नाही म्हणून मोडला, पुन्हा केला. "जरा डावीकडे. इतकं नाही. आता वर." तो मुकाट्यानं सरकत होता, मानेवरून घाम ओघळत होता, आणि एकदाही त्यानं बॅटरी खाली ठेवली नाही. काम अर्ध्या तासाचं होतं. मी दीड तास लावला.